मोटर बंद, लेन्स चालू

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'कॅमेरा रिपेरिंग' असं लिहिलेलं आहे. पाटी जुनी आहे आणि आता निम्मीच खरी आहे. सुरतेच्या उधन्यात शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या बाजूचा लोखंडी जिना चढलं की माझी खोली. तिथं बसून मी आजही कॅमेरे उघडतो, पण माझं पोट भरतं ते दुसऱ्याच कामावर. परदेशातल्या लोकांनी वापरून विकायला काढलेले कॅमेरे आणि लेन्स मी सुरतेतल्या माणसांना शोधून देतो. माल गिऱ्हाइकाच्याच नावावर येतो, पैसे त्याच्याच खात्यातून जातात, ड्यूटीही तोच भरतो. मी नग निवडायचा, विक्रेत्याला नको-नको ते प्रश्न विचारायचे, एकूण खर्च आधी सांगायचा, आणि पार्सल अडकलं तर त्याच्यामागं लागायचं. या धंद्याला नाव काय द्यावं हे मला अजून कळलेलं नाही.

आई होती तेव्हा ती घरात अहिराणीच बोलायची. मी मोबाइलवर जपानमधली लेन्स बघत बसलो की विचारायची, "लोकेस्नं वापरेल सामान तू इतल्या दूरथाईन काब्रं आनस रे भाऊ?" तिचा प्रश्न बरोबरच होता. लोकांनी वापरलेलं सामान इतक्या लांबून कशाला? मी सांगायचो, आपल्याकडं तापीकाठची दमट हवा. दोन पावसाळे लेन्स कपाटात राहिली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तिकडं हौशी माणूस लेन्स कोरड्या डबीत पोराबाळासारखी सांभाळतो, कंटाळा आला की विकतो. शिवाय नवीच्या निम्म्याहून कमी दरात मिळते. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची की मग तो माणूसच जाऊन आण, निदान सांभाळेल तरी.

पण लांबचा माल डोळ्यांनी बघता येत नाही. बघायचं ते शब्दांतून आणि फोटोंतून. 'जवळजवळ नवी' हे शब्द विक्रेता सढळ हातानं वापरतो. खाली बारीक अक्षरात 'किंचित धुरकट, चित्रावर परिणाम नाही' असं असलं, तर माझ्या हिशेबी ती लेन्स धुरकट आहे, विषय संपला. मी प्रत्येकाला एकच विनंती करतो, की मागच्या बाजूनं बॅटरीचा झोत टाका आणि पुढून फोटो काढून पाठवा. झोतात काच खोटं बोलत नाही. बुरशी, आतली धूळ, भिंगाच्या दोन काचा जोडणारा निघू लागलेला गोंद, सगळं उघडं पडतं. जो विक्रेता हा फोटो पाठवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी रुपयाचा माल उचलू देत नाही.

दुसरी गोष्ट ड्यूटीची. गिऱ्हाइकाला वाटतं, वस्तूची किंमत आणि वर थोडा कर. तसं नसतं. वस्तूची किंमत, तिचं वाहतूकभाडं आणि विमा यांची बेरीज करून कस्टमवाले त्यावर ड्यूटी लावतात. त्या ड्यूटीवर अधिभार. मग या सगळ्याची बेरीज करून त्या बेरजेवर जीएसटी. डॉलरचा भावही मोबाइलवर दिसतो तो धरत नाहीत, कस्टमनं जाहीर केलेला धरतात. शेवटी कुरिअर कंपनी आपल्या वतीनं ड्यूटी आधी भरते, त्या उपकाराचे वेगळे पैसे. मी हे सगळं पहिल्याच दिवशी कागदावर मांडून देतो. निम्मी माणसं तो कागद बघूनच जिना उतरतात. उतरू देत. पार्सल दारात आल्यावर कपाळाला हात लावण्यापेक्षा ते बरं.

बारडोलीचे किरीटभाई असेच उतरले होते. ऊस लावणारा मोठा शेतकरी, पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. त्यांना हाताएवढी लांब लेन्स हवी होती. कागद बघून म्हणाले, "पाटीलभाई, पेलाने कहो ने, गिफ्ट लखी नाखे! किंमत पण ओछी लखे."

विक्रेत्याला भेट म्हणून लिहायला सांगा, किंमत कमी दाखवा, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, मी ते करत नाही. एक तर ते खोटं. दुसरं, कस्टममध्ये बसलेल्या माणसालाही मोबाइल वापरता येतो. किरीटभाई हसले, गेले, आणि विक्रेत्याशी स्वतः बोलून लेन्स भेट म्हणून मागवली. पार्सल उघडलं गेलं. ड्यूटी तर भरावी लागलीच, वर दंड बसला. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा जिन्यातूनच ओरडले, "हवे तमे कहो एम!" आता तुम्ही म्हणाल तसं. तेव्हापासून माझी त्यांच्याशी चांगली दोस्ती आहे. हंगामात गुळाची ढेप येते.

पण खरी किंमत खरेपणानं लिहूनही पार्सल अडकतं, तेव्हा काय करायचं? ते मला सुजातानं शिकवलं.

सुजाता अहिरे. लिंबायतला राहणारी, वडील उधना यार्डात रेल्वेची नोकरी करून निवृत्त झालेले. सुरतेत साडी आता दुकानात उलगडून कमी आणि फोटोवर जास्त विकली जाते. प्रत्येक नव्या मालाचा कॅटलॉग निघतो, तो मोबाइलवरून देशभर जातो आणि तिकडचे व्यापारी फोटो बघून गाठोडी मागवतात. अशाच एका कॅटलॉगच्या स्टुडिओत सुजाता बरीच वर्षं दिवे लावायचं आणि साड्यांच्या निऱ्या बसवायचं काम करत होती. कॅमेरा मालक धरायचा. मालक बाहेर गेला की हीच फोटो काढायची, आणि फोटो चांगला आला तर नाव मालकाचं. एक दिवस तिनं नोकरी सोडली, स्टुडिओतलीच एक जुनी कॅमेरा बॉडी, म्हणजे बिनलेन्सचा कॅमेरा, हप्त्यानं विकत घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं.

माझ्या खोलीत ती आली आणि मोबाइल माझ्यासमोर ठेवला. पदराच्या जरीचा फोटो होता.

"काका, यात काय कमी आहे?"

"चमक आहे. धागा दिसत नाही."

"तोच दाखवायचाय. मनसुखभाई म्हणाले, जरीचा धागा न् धागा दिसला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक लांबून माल परत पाठवतं. नमुना दाखव, सीझनचं काम तुला."

मनसुखभाई म्हणजे रिंग रोडच्या मार्केटमधले मोठे व्यापारी. तिला मॅक्रो लेन्स हवी होती, म्हणजे वस्तूच्या अगदी जवळ जाऊन बारकावा टिपणारी. आधी ती एकाकडून भाड्यानं आणायची, पण तो तिच्या जुन्या मालकाचा मित्र निघाला. त्यानं देणं बंद केलं.

"नवी परवडणार नाही," ती म्हणाली. "आणि भाड्याची मला आता नकोच. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर किती दिवस फोटो काढायचे?"

मी शोधायला बसलो. तिच्या ऐपतीत बसणाऱ्या सगळ्या लेन्स एकतर धुरकट होत्या किंवा बुरशीच्या. मग ओसाकाच्या एका विक्रेत्याकडं एक सापडली. काच निर्मळ, पण ऑटोफोकसची मोटर बंद. म्हणजे बटण दाबल्यावर लेन्सनं आपोआप नेम धरायचा असतो, तो नेम ही लेन्स धरणार नव्हती, तिच्यावरचं कडं हातानं फिरवावं लागणार होतं. लग्नात धावपळ करणाऱ्या फोटोग्राफरला अशी लेन्स फुकटसुद्धा नको असते, म्हणून ती इतकी स्वस्त. सुजाताला मी सगळं समजावून सांगितलं.

"इतक्या जवळून फोटो काढताना तसंही हातानंच फिरवतात ना?"

"जाणकार हातानंच फिरवतात."

"मग मोटरीचे पैसे मी कशाला देऊ?"

विक्रेता फार सभ्य. बॅटरीच्या झोताचा फोटो मागितला तर त्यानं व्हिडिओ पाठवला. त्याची उत्तरं वाचताना मीच खुर्चीत सरळ होऊन बसायचो. सुजातानं पैसे भरले, लेन्स निघाली, मुंबईच्या विमानतळावर उतरली आणि तिथं थांबली.

कुरिअरच्या एजंटचा फोन आला. कस्टमला बिलावरची किंमत मान्य नव्हती. या मॉडेलच्या लेन्सचा बाजारभाव याच्या कितीतरी पट आहे, सबब किंमत मुद्दाम कमी दाखवली असावी. एकतर त्यांनी धरलेल्या किमतीवर ड्यूटी भरा, नाहीतर माल परत पाठवा. ठरवेपर्यंत गोदामभाडं चालू.

झालं होतं असं, की विक्रेत्यानं आपल्या दुकानाच्या पानावर 'मोटर बंद' हे ठळक लिहिलं होतं, पण पार्सलवरच्या बिलात नुसतंच 'वापरलेली कॅमेरा लेन्स' असं लिहिलं. कस्टमच्या माणसापुढं फक्त बिल होतं. त्याचा संशय अगदीच चुकीचा म्हणता येत नव्हता. दिवसभर त्याच्यापुढं किरीटभाईच तर येत असतात.

मी सुजाताला सल्ला दिला, "परत जाऊ दे. तो विक्रेता भला माणूस आहे, पैसे देईल. आपण दुसरी बघू."

"मी किंमत खोटी लिहिली का, काका?"

"नाही."

"मग परत का पाठवायची? दुसरीही अशीच अडकली तर तीही परत पाठवायची?"

इतकी वर्षं मी पार्सलांच्या मागं लागत होतो, पण अशी वेळ आली की पड खायची हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. गिऱ्हाईक दमतं, मीही दमतो, लेन्स समुद्र ओलांडून माघारी जाते. सुजाता दमायला तयार नव्हती.

बँकेतून पैसे गेल्याची पावती, विक्रेत्याच्या पानाची छापील प्रत, त्याच मॉडेलच्या मोटर बंद असलेल्या इतर लेन्स कितीला विकल्या गेल्या त्याची पानं, सगळं जुळवून आम्ही पाठवलं. विक्रेत्याकडून मोटर बंद असल्याचं सहीचं पत्र मागवलं, ते त्यानं त्याच दिवशी पाठवलं आणि वर चार वेळा माफी मागितली. कुरिअरकडून उत्तर एकच यायचं, तुमचं म्हणणं पोचलं, प्रतीक्षा करा. सुजाता रोज फोन करायची. अर्धा वेळ गाणंच ऐकायला मिळायचं. तिकडं मनसुखभाईंचा निरोप आला की नमुना लवकर दाखव, दुसरेही रांगेत आहेत.

एक दिवस ती वडिलांनाच घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, "काका, मुंबईला जाऊ. लेन्स त्यांच्या हातात देऊन दाखवू की मोटर बंद आहे."

मी म्हटलं, तिथं आपल्याला आत कोण सोडणार? मग तिच्या वडिलांकडं बघितलं. मला वाटलं, रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, पोरीला समजावेल.

ते शांतपणे म्हणाले, "सरकारी माणसाशी भांडू नको, बेटा. पण कागद पुरे असतील तर उठूही नको."

सुजाता आणि मी सकाळच्या गाडीनं निघालो. सुजाताच्या खांद्यावर तिची कॅमेरा बॉडी होती. कुरिअरच्या कार्यालयात एजंटनं सांगितलं, मेल करा. सुजाता म्हणाली, "मेल केलेत. मला अधिकाऱ्यांसमोर म्हणणं मांडायचंय. तसा अर्जही दिलाय, त्याची पोच ही." आणि समोरच्या बाकावर बसली. एजंट आत गेला, बाहेर आला, चहाला गेला, परत आला. ती तिथंच. जेवणाची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, काहीतरी खाऊन येऊ. तिनं पिशवीतून पोळी-भाजीचा डबा काढला आणि बाकावरच उघडला. एजंटला म्हणाली, "भाऊ, तुम्ही पण घ्या." त्यानं घेतलं नाही, पण थोड्या वेळानं आमचे गेट पास घेऊन आला.

आत अधिकारी एक बाई होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, अंगावर साधी हातमागाची साडी. आम्हाला आपसात बोलताना ऐकून त्यांनी मराठीतच सुरुवात केली.

"ही लेन्स इतक्या स्वस्तात कशी मिळते ते सांगा मला. मी तपासलंय. मिळत नाही."

"मॅडम, चालणारी मिळत नाही," सुजाता म्हणाली. "हिची मोटर बंद आहे."

"बिलावर कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलं. विक्रेत्याचं पत्र जोडलंय."

"पत्र नंतरही लिहून घेता येतं."

त्यांचं खरं होतं. माझी मान खाली गेली. पण सुजाता म्हणाली, "म्हणूनच मी कॅमेरा आणलाय. पार्सल उघडा, लेन्स लावा आणि बटण तुम्ही स्वतः दाबा."

बाईंनी थोडा विचार केला आणि पार्सल मागवलं. पंचांसमोर ते उघडलं गेलं. ओसाकाच्या त्या माणसानं लेन्स अशी गुंडाळली होती की उघडणाऱ्या शिपायाला घाम फुटला. सुजातानं लेन्स बॉडीवर चढवली आणि कॅमेरा बाईंच्या हातात दिला. त्यांनी बटण अर्धं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. लेन्स जागची हलली नाही, आवाजही नाही.

"कॅमेराच खराब नसेल कशावरून?"

हा प्रश्न येणार हे मी धरून चाललो होतो. मी पिशवीतून दुसरी, चालणारी लेन्स काढली, त्याच बॉडीवर चढवली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. बटण दाबताच लेन्स घुर्र करून पुढं आली. बाई पहिल्यांदाच जरा हसल्या.

मग त्यांनी विचारलं, "मोडकीच आहे तर मुंबईपर्यंत हिच्यासाठी कशाला आलात? हिचा उपयोग काय?"

खरं सांगायचं तर मला वाटलं, इथं सुजातानं गप्प बसावं. लेन्स चांगली आहे असं दाखवलं तर पुन्हा किंमत वाढायची. पण तिनं बंद मोटरीची लेन्स परत चढवली, विचारलं, "मॅडम, पदर टेबलावर ठेवता?" बाईंनी ठेवला. सुजाता वाकली, डाव्या हातानं कडं हळूहळू फिरवलं आणि एक फोटो काढला. पडद्यावर काठाचा एकेक धागा दिसत होता, एका ठिकाणी विणकरानं तुटलेला धागा जोडून पुढं नेला होता, ती बारीकशी गाठसुद्धा.

बाईंनी पदरावरची ती गाठ बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "काच चांगली आहे, पण मोटर बंद आहे हे मी पाहिलं. मी जे पाहिलं तेच लिहीन." आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही हे काम करता ना? पुढच्या वेळी दोष बिलावर लिहून मागवा. आमचाही वेळ जातो."

बिलावरचीच किंमत मान्य झाली. सुजातानं ड्यूटी पुरती भरली, गोदामभाडंही भरलं, कुरकुर केली नाही. तेव्हापासून प्रत्येक विक्रेत्याला मी पहिलं वाक्य हेच लिहितो, की वस्तूत जे काही बिघडलंय ते बिलावर लिहा. बरेच जण गोंधळतात. आपल्या मालाची निंदा बिलावर करा असं सांगणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मार्केट उघडताच आम्ही मनसुखभाईंच्या गादीवर गेलो. सुजातानं रात्री घरी काढलेले जरीचे फोटो त्यांनी पाहिले, मनापासून वाखाणले आणि म्हणाले, "मोडुं थई गयुं, बेन." उशीर झाला होता. सीझनचं काम त्यांनी आदल्याच संध्याकाळी देऊन टाकलं होतं, तेही तिच्या जुन्या मालकाला.

मला चटका बसला, मी जिना उतरू लागलो. सुजाता उतरलीच नाही. ती वरच्या मजल्याकडं वळली.

"कुठं निघालीस?"

"इथं साड्यांचीच दुकानं आहेत ना, काका?"

आज सुरतेजवळच्या कडोदऱ्यात बंद पडलेल्या पॉवरलूमच्या एका शेडमध्ये तिचा स्टुडिओ आहे, हाताखाली चार जणी आहेत, आणि मनसुखभाईंचा मालही आता तिच्याकडंच येतो. ते पुढं हळूहळू झालं. माझ्या लक्षात राहिलीय ती दुपार. दुकानामागून दुकान. कुणी म्हणालं फोटोग्राफर आहे आमचा, कुणी फोनवरून मान वर केली नाही, एकानं तिला मॉडेल समजून दर विचारला. शेवटी कोपऱ्यातल्या एका छोट्या दुकानात म्हातारे शेठ एकटे बसले होते. त्यांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "काले आवजो." उद्या या.

"उद्या नाही, शेठ," सुजाता म्हणाली. "साडी तुमच्याकडं आहे, लेन्स माझ्याकडं आहे, खिडकीत उजेड आहे. एक फोटो काढते. आवडला नाही तर जाते."

शेठनं तिच्याकडं बघितलं, मग एक बनारसी ओढून काढली. तिनं खिडकीशी पदर पसरला, फोटो काढला आणि कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. शेठनं चष्मा कपाळावर चढवला, डोळे पडद्याला भिडवले. उठले आणि दुसरी साडी काढली. मग तिसरी. "आ पण लई लो, बेन. आ पण." हीपण घ्या, हीपण. बघता बघता गादीवर साड्यांचा ढीग झाला, माझ्या मांडीवर दोन पडल्या, आणि शेठ शिडी लावून वरच्या फळीवरून आणखी काढू लागले.

सुजातानं लेन्सवर झाकण बसवलं.

"शेठ, खाली या," ती म्हणाली. "आधी भाव ठरवू."